बोरन्हाणाआधी

तळेगाव ढमढेरे,
8 जानेवारी 2023

चि. मानसीस,


तू पाठवलेला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला. फोनवर अक्षरं दिसेनात म्हणून शिक्रापूरला जाऊन छापून आणला. शंभरावर पानं निघाली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, वाटणीची केस का?" म्हटलं, नाही बाबा, भाचीची. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तू पिवळी खूण केलेला भाग मला मान्य आहे. कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही, आपल्या शरीरावरचा आपला हक्क घटनेच्या 21व्या कलमात येतो, असं 2 मे 2022 ला न्या. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी लिहिलं. चांगलं लिहिलं. दिल्लीच्या डॉ. जेकब पुलियेल यांनी ही याचिका केली होती. ते स्वतः बालरोगतज्ज्ञ, लसीकरणावर सरकारला सल्ला देणाऱ्या समितीवर पूर्वी बसलेले, त्यामुळे त्यांना कुणी उठवळ म्हणू शकत नाही. पण तुझी पिवळी खूण जिथं संपते तिथं निकाल संपत नाही.

पुढे कोर्ट म्हणतं की प्रश्न दुसऱ्यांच्या आरोग्याचा असेल तर सरकार माणसाच्या हक्कावर मर्यादा घालू शकतं. फक्त त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, खरी गरज हवी आणि बंधन धोक्याच्या मापाचं हवं. मग कोर्टाने माप लावून पाहिलं. त्या वेळी ओमिक्रॉनची लाट येऊन गेली होती. लस घेतलेल्यांनाही कोविड होत होता, त्यांच्यापासून इतरांनाही होत होता. लस न घेतलेला माणूस जास्त रोग पसरवतो, असं दाखवणारा कागद कोणत्याच सरकारने कोर्टापुढे ठेवला नाही. म्हणून लस न घेतलेल्यांवरची बंधनं मापात बसली नाहीत, आणि रुग्ण कमी आहेत तोवर ती उठवावीत असं कोर्टाने सुचवलं. हे आजच्या परिस्थितीपुरतं आहे, असंही सोबत लिहून ठेवलं.

म्हणजे बंधनांचा भाग उभा आहे तो एका गोष्टीवर: कोविडच्या लसीने घेणारा वाचतो, पण त्याचा शेजारी वाचेलच असं नाही. आता तू हाच निकाल तुझ्या लेकीच्या, ईराच्या गोवराच्या डोसाला लावतेस. गोवराची लस नेमकी याच बाबतीत वेगळी आहे. दोन डोस झालेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना गोवर होतच नाही, आणि ज्याला झाला नाही तो दुसऱ्याला देणार कुठून? त्यामुळे निकालाचा जो भाग तुझ्या बाजूचा, त्याचा तर्क गोवरापर्यंत पोचत नाही. जो पोचतो, तो तू पिवळा केलेला नाहीस.

ईरा चौदा महिन्यांची झाली. नवव्या महिन्याचा डोस झाला नाही, दुसऱ्याची वेळ सोळाव्या महिन्याला येईल. ताई मला दोन महिन्यांपासून सांगतेय की "तूच बोल तिच्याशी, ती तुझं ऐकते." तू माझं कधी ऐकलंस ते मला आठवत नाही, पण तू वाचतेस, म्हणून फोन न करता लिहितोय.

आधी तुझी बाजू. तुझ्या मनातली अढी कुठून आली हे मला ठाऊक आहे. 2021 मध्ये तुझ्या कंपनीने सर्टिफिकेट आणा, नाहीतर कामावर येऊ नका, असं सांगितलं. दुसऱ्या डोसानंतर तू तापाने फणफणलीस, आठवडाभर उजवा हात वर जाईना, आणि विचारायला गेलीस तर कुणी उभं केलं नाही. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून मुंबईत दोन डोस झालेल्यालाच लोकलमध्ये चढता येईल असा नियम निघाला. ज्याचं हातावर पोट, त्याला लोकल बंद म्हणजे चूल बंद. त्यावर काही लोक मुंबई हायकोर्टात गेले. 2022 च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने दाखवून दिलं की मुख्य सचिवांनी काढलेले ते आदेश नियमात ठरवलेली पद्धत सोडून काढले होते. सरकारला ते मागे घ्यावे लागले. म्हणजे लाखो लोकांना रांगेत उभं करणारा कागदच कच्चा होता! राग येणं साहजिक आहे.

आणि हे काही कोविडपासून सुरू झालेलं नाही. 1976 साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, नाहीतर आपल्या घरातल्या कुणाकुणाला धरून नेलं असतं, याचा हिशेब तुझे आजोबा शेवटपर्यंत मांडायचे. त्याच्याही मागे जा. 1897 च्या प्लेगात रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पुण्यात घराघरांत शिरले, बूट घालून देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांना चारचौघांत तपासलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्याचा हिशेब केला. पुढे टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. ज्या साथरोग कायद्याचा धाक तेव्हा होता, तोच 1897 चा कायदा 2020 मध्ये आपल्यावर पुन्हा लागू झाला. सव्वाशे वर्षं कुणाला तो नव्याने लिहावासा वाटला नाही.

तेव्हा सरकारने दंड धरला की तो सोडवून घ्यावा, ही या मातीतली जुनी सवय आहे आणि ती वाईट नाही. पण प्लेगच्या त्याच साथीची दुसरी बाजू तू शाळेत शिकली आहेस. सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर झालेले चिरंजीव यशवंत यांनी हडपसरला ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या गायकवाडांचा पोरगा त्यांनी पाठीवर टाकून तिथं आणला. पोरगा जगला. सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठलं, 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रँडला विरोध करायचा आणि प्लेगलाही रोखायचं, ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नव्हती. तुझं काय झालंय, की रँडवरचा राग तू औषधावर काढते आहेस. त्याच 1897 च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. परवा दहा तारखेला त्याला 126 वर्षं होतील.

आता गोवराकडे येतो. तुझे सासरे म्हणतात, "आमच्या लहानपणी गोवर घरोघरी यायचा, कडुलिंबाचा पाला ठेवायचो, पोरं बरी व्हायची." व्हायची, खरं आहे. बहुतेक मुलं आजही होतात. पण गोवर एक चोरटं काम करून जातो, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आधीच्या आजारांशी लढून शरीराने जी ओळख साठवलेली असते, तिचा मोठा भाग तो पुसून टाकतो. मग पुढे कित्येक महिने ते मूल साध्या खोकल्याने, जुलाबाने खचतं. न्यूमोनियाने गेलेल्या मुलाच्या नावापुढे कुणी गोवर लिहीत नव्हतं. क्वचित एखाद्याला बरा झाल्यावर सात-आठ वर्षांनी मेंदूचा असा विकार होतो, की त्यावर इलाज नाही.

आणि पसरतो कसा? अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे मूल नुसतं शिंकतंय, किरकिर करतंय, आई म्हणते थंडी बाधली, तेव्हाच ते वाटत सुटलेलं असतं. ते खोलीतून उठून गेलं तरी हवेत दोन तासांपर्यंत विषाणू टिकतो. सगळेच बिनलसीचे असतील तर एका मुलापासून बारा ते अठरा जणांना होतो. कोविडने आपल्याला घरात कोंडलं, त्याचा पहिला अवतार दोघा-तिघांना द्यायचा. म्हणून गोवर अडवायला शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं लसीकरण लागतं.

"बाकी सगळ्यांनी घेतलीच आहे, एका ईराने काय होतंय?" हे तू ताईला म्हणालीस. पंच्याण्णव म्हणजे पाच जागा रिकाम्या आहेत असं तुला वाटतं. त्या रिकाम्या नाहीत, एसटीतल्या राखीव सीटसारख्या आहेत. नऊ महिन्यांच्या आतली बाळं, कॅन्सरची औषधं चालू असलेली मुलं, ज्यांना लस देऊनही लागू पडली नाही अशी काही, यांच्या नावाच्या. त्यांना उभं राहता येत नाही. धडधाकट माणसाने तिथं बसायचं नसतं, मग तो तिकिटाचे पैसे भरून चढलेला का असेना.

गोवंडीत काय झालं ते तू पेपरात वाचलंस. ऑक्टोबरपासून तिथं गोवर पेटला, मग भिवंडी, मालेगाव. संशयित धरून राज्यात डझनाहून जास्त मुलं गेली. बहुतेकांना लस नव्हती. पण ती मुलं तुझ्या बाजूची म्हणून मोजू नकोस. दहा बाय दहाच्या खोल्या, आधीच अशक्त पोरं, कोविडमध्ये दोन वर्षं विस्कटलेलं लसीकरण, आणि टोचणाऱ्यांबद्दलचा अविश्वासही. तिथल्या कितीतरी आयांनी नकार दिला नव्हता, त्यांची पाळीच आली नव्हती. केंद्राने नोव्हेंबरात सांगितलं की जिथं साथ आहे तिथं सहा महिन्यांच्या बाळालाही एक जादा डोस द्या. मग डिसेंबरात तुमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीला साथ जाहीर झाली. वाकडपासून ते किती लांब आहे हे मी तुला सांगायला नको.

इथं काय आहे ते सांगतो, कारण तू सुट्टीत येतेस तेव्हा हुरडा, ऊस आणि वेळ नदीचा काठ एवढंच तुला दिसतं. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे आपल्या गावात आता निम्म्या आळ्या भाड्याच्या खोल्यांच्या झाल्यात. हिंगोली, परभणी, बिहार, ओडिशा. शिवाय ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात कोप्या घालून आहेत. या टोळ्यांतल्या बायकांच्या मुलांचा दीड महिन्याचा डोस एका जिल्ह्यात, साडेतीन महिन्यांचा दुसऱ्यात, आणि नववा महिना ट्रॅक्टरवर जातो. आशाताई खोल्याखोल्यांतून फिरून नावं गोळा करते. 15 ते 25 डिसेंबरला राज्याची खास मोहीम झाली, दुसरी फेरी 15 जानेवारीपासून आहे. डिसेंबरच्या सत्राला मी शेजारणीच्या नातवाला घेऊन गेलो होतो. सिस्टर बाटली फोडायची थांबली होती. कोरडी पावडर असते, त्यात पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. पुरेशी पोरं जमेपर्यंत ती दारात उभी राहून वाट बघत होती, आणि एक मुकादम ट्रॅक्टर चालू ठेवून हॉर्न वाजवत होता, कारण त्याच्या टोळीतल्या तीन बाया रांगेत होत्या. त्यांचा तेवढ्या वेळाचा रोज बुडत होता. तरी त्या हलल्या नाहीत.

आणि एक गुरांच्या लम्पी रोगाची गोष्ट. ऑगस्टात जळगावकडे, रावेर तालुक्यात पहिली जनावरं सापडली, सप्टेंबरात सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र झालं. बाजार बंद, प्रदर्शनं बंद, इतक्या वर्षांनी सुरू झालेल्या बैलगाडा शर्यती बंद. गोट पॉक्सची लस फुकट. आपल्या गोठ्यात डॉक्टर आले, कानातल्या बिल्ल्याचे नंबर उतरवून घेतले आणि टोचून गेले. खालच्या आळीतल्या एकाने अडवलं. त्याची गाय गाभण होती, आणि लसीने दूध आटतं असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. माझी गाय, माझा गोठा. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे आजूबाजूचे आठ-दहा जण जाऊन बसले. कुणी त्याला रागावलं नाही. एवढंच म्हणाले, गोठा तुझा आहे, पण माशी काय तुझा उतारा बघून बसत नाही. सकाळी त्याने टोचून घेतलं.

तू म्हणशील, बघा, मामा माणसांना गुरांच्या रांगेत उभं करतोय. नाही. उलट सांगतोय. जनावरांच्या रोगांसाठी 2009 चा कायदा आहे, त्यात नियंत्रित क्षेत्रातल्या मालकाला जनावराला लस टोचून घ्यावीच लागते. गाईला कुणी विचारत नाही. माणसाला विचारायला हवं, सांगायला हवं, तो नाही म्हणाला तर ऐकून घ्यायला हवं. माणसाच्या कानात बिल्ला मारायचा कायदा मला नको आहे. अमेरिकेतही 1905 च्या गाजलेल्या निकालात देवीची लस नाकारणाऱ्या जेकबसन नावाच्या पाद्रीला पाच डॉलर दंडच झाला होता, दंड धरून कुणी टोचलं नव्हतं.

पण या लम्पीतच एक गोष्ट मला टोचली, आणि ती तुझ्या बाजूची आहे. गाय दगावली तर सरकारने तीस हजार दिले, बैलाला पंचवीस, वासराला सोळा. आणि लसीने माणसाला इजा झाली तर? गेल्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की कोविडच्या लसीनंतर कुणी दगावलं असेल तर भरपाईची जबाबदारी सरकारची नाही, घरच्यांनी दिवाणी दावा लावावा. दोन मुली गेलेल्या आईबापांच्या याचिकेवर हे उत्तर! इंग्लंडने 1979 मध्ये अशा भरपाईचा कायदा केला, अमेरिकेने 1986 मध्ये. चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही, इजा लसीने झाली एवढं पुरे. लाखात एखाद्याला अपाय होणार हे सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे सुरक्षित राहावेत म्हणून ज्याने तो झेलला, त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या, यात कसला न्याय? यासाठी तू भांडणार असशील तर सही माझीही घे. यवतमाळ जिल्ह्यात 31 जानेवारी 2021 ला बारा पोरांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले. पोरं बचावली. अशा बातमीनंतर आई बिथरली तर तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

फक्त यातलं काहीही ईराच्या गोवराबद्दल नाही. ही लस काल-परवाची नाही. साठ वर्षं जगभर टोचली जातेय, आणि तिचा फार मोठा साठा हडपसरच्या सीरममधून जातो. स्वमग्नतेचं तू जे पाठवलं होतंस, त्याचं मूळ 1998 च्या इंग्लंडमधल्या एका लेखात आहे. बारा मुलांवरून लिहिलेला. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. ताप येतो, हे खरं. सात-आठ दिवसांनी एखाद्याच्या अंगावर बारीक पुरळही येतं. ते पसरत नाही.

राहिलं स्वातंत्र्य. कोविडची लस तू नाकारली असतीस तर मी तुझ्या बाजूने भांडलो असतो, तुझं शरीर होतं. ईराचं शरीर तुझं नाही. ती नाही म्हणत नाहीये आणि हो म्हणत नाहीये. तिच्या वतीने तू म्हणते आहेस, जशी सातबाऱ्यावर अज्ञानाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं. पालनकर्त्याला जमीन कसता येते, मनाला येईल तशी विकता येत नाही. तुझा राग कंपनीवर, सरकारवर. त्याची किंमत तू तिच्या खात्यातून देऊ नकोस.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. तुला ईराचं पहिलं बोरन्हाण आजोळी करायचंय. मामीने काळ्या कापडाचं झबलं शिवून ठेवलंय, हलव्याचे दागिने सांगितलेत. आपल्याकडे बोरन्हाण म्हणजे गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली अंगणात. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या डोक्यावरून ओतायच्या आणि पोरांनी एकमेकांच्या अंगावर पडून त्या वेचायच्या. जमिनीवरचं तोंडात, तोंडातलं दुसऱ्याच्या हातात. ते तसंच व्हायला हवं, त्याशिवाय मजा नाही. मागच्या तीन खोल्यांपैकी एकीत सुनीता राहते, हिंगोलीकडची. नवरा सणसवाडीला प्रेस शॉपमध्ये. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे. ती तुझ्या मामीच्या मागे मागे असते, बोरन्हाणाला ती बाळ काखेत मारून येणारच. त्याला गोवराची नेहमीची लस अजून चार महिने देता येत नाही. आईकडून आलेली ताकद या वयात ओसरायला लागते.

ईरा आजारी असेल असं मी म्हणत नाही. नसेलच, बहुधा. पण ती पाळणाघरात जाते, कुदळवाडी जवळ आहे, आणि पुरळ दिसायच्या आधीचे चार दिवस कुणालाच दिसत नाहीत. तू शिकलेली, तुझ्याकडे गाडी, दवाखान्याचा विमा. ईराला काही झालं तर रात्रीत चांगल्या दवाखान्यात पोचशील. सुनीताच्या बाळाला झालं तर ती आधी शेजारणीकडे गाडीसाठी पैसे मागेल. तुझ्या निर्णयाचा धोका तू घेतेस असं तुला वाटतं. त्यातला मोठा वाटा तिच्या दारात जातो, आणि तिला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून मी असं ठरवलंय. तू लस दे किंवा न दे, घर तुझं आहे. ये, राहा, हुरडा खा. तुझ्यावर मी किंवा मामी एक शब्द बोलणार नाही, ताईलाही गप्प बसवतो. पण लस दिली नसशील तर बोरन्हाण आपण घरातल्या घरात करू, गल्लीतलं कुणी बोलावणार नाही. आणि तू येण्याआधी मी सुनीताला सांगणार आहे की आमच्या नातीला गोवराचा डोस झालेला नाही, तू बाळाला घेऊन आमच्यात ये किंवा येऊ नकोस, तुझं तू ठरव. हे तुला न विचारता करणार आहे. तुला वाईट वाटेल. पण तुला ठरवायचा हक्क आहे तर तिलाही आहे, आणि माहीत नसलेल्या माणसाला ठरवता येत नाही. तुझ्या त्या निकालात कोर्टाने सरकारला हेच सुनावलंय, लसीचे परिणाम लोकांपुढे ठेवा, लपवू नका. जो कायदा सरकारला, तोच मामाला.

दुसरा एक मार्ग आहे. बोरन्हाण संक्रांतीलाच करायला हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत चालतं. यंदा रथसप्तमी 28 तारखेला, शनिवारी आहे. लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात. उद्या-परवा दिलीस तर वेळेत बसतं. मोहिमेची वाट बघायची गरज नाही, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. सिस्टरला लसीच्या बाटलीवरचं लेबल, तारीख, सगळं दाखवायला सांग. वाच, फोटो काढ, नंतर ताप आला तर कुणाला फोन करायचा तेही कार्डावर लिहून घे. सांगितलं नाही तर तिथून परत ये आणि मला कळव, मी येऊन भांडतो. गोवराची उजव्या दंडात देतात, सोबत अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, तो विसरू देऊ नकोस. दुसऱ्या डोसाच्या तारखेचंही तिथंच विचार.

हलव्याचे दागिने कुरिअरने पाठव म्हणालीस ते पाठवत नाही, इथेच ठेवतो. मागे तुझं पार्सल दाभाड्यांच्या तळेगावला फिरून आलं होतं. शुक्रवारपर्यंत संक्रांतीची 15 की रथसप्तमीची 28 तेवढं कळव, म्हणजे बोरं सांगायला बरं आणि सुनीताशी काय बोलायचं तेही ठरवता येईल. समीररावांना नमस्कार, ईराला पापा. मामी विचारतेय, झबल्यावर पतंग काढू की चांदण्या?

तुझा,
मामा